दुसरी बाजू आहे ना

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

परवापासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "राहू दे. दुसरी बाजू आहे ना." आप्पा एवढंच म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या रागाची मला सवय आहे, त्याला उत्तरही देता येतं. "राहू दे"ला काय उत्तर देणार?

झालं ते लिहूनच काढते.

रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले होते. एका पथारीवर कुलपं, चमचे आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट मिळाली. तशीच, वर चित्र एका गेमचं आणि आत भलतंच काहीतरी असणारी. सानू संध्याकाळी येणार होती, तिला दाखवायची म्हणून दुपारीच साफ करायला बसले. लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. दादा मारायचा, मग मी मारायचे, आणि चालली की ज्यानं शेवटची फुंकर मारली त्याचा पहिला नंबर. आता कळतं की चालायची ती फुंकरीनं नाही, काढून परत घातल्यावर पिना नीट बसायच्या म्हणून. उलट तोंडातल्या ओलाव्यानं त्या पिना हळूहळू गंजत होत्या. साठ पिना असतात, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस. मी त्या कानात घालायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक पुसते. काडी हिरवट काळी होत जाते आणि पिना पिवळ्या दिसायला लागतात. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. ऑफिसचं येत नाही, दादाचं येत नाही.

कॅसेट झाली. बाटली उघडीच होती. म्हणून एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, पुसायला घेतल्या, त्याच अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून, नेहमीसारख्या. लावण्यांच्या दोन, भारुडांची एक. त्या विनाइलच्या, त्यांना या मिश्रणानं काही होत नाही, इतकी वर्षं करतेय. पाणी संपलं तेव्हा उठायचा कंटाळा केला. आणि हात खालच्या कागदी पाकिटाकडे गेला.

तात्यांची तबकडी. पोवाड्याची. एका बाजूला भाग पहिला, दुसऱ्या बाजूला भाग दुसरा, कारण मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगानं फिरणाऱ्या त्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. शाहिराला श्वास घ्यायला मिळायचा तो तबकडी उलटताना.

फडक्यावर अल्कोहोल घेतलं, कडेपासून गोल फिरवलं. फडकं काळं झालं. मनात आलं, बापरे, किती धूळ. फडक्याची दुसरी घडी घेतली, ती आणखी काळी झाली. मग वास आला. सुतार कपाटाला पॉलिश करायचे तो वास. डब्यात लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये भिजत घातलेले असायचे, मला त्या डब्याजवळ बसायला आवडायचं. त्या वासानं हात थांबला, पण तोवर दोन बोटं रुंद पट्टा गेला होता. राखाडी झाला होता, चुलीतल्या राखेसारखा.

मला माहीत होतं! हेच मला सहन होत नाहीये. न कळून झालं असतं तर गोष्ट वेगळी. 78 च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, लाखेत दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेल्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. याच विषयावर मी सानूला मागच्या मे महिन्यात तासभर सांगितलं होतं. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे कसे लाख करतात. 1902 मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, पण तबकड्या दाबायला पार जर्मनीत हॅनोवरला पाठवाव्या लागल्या आणि तिथून बोटीनं परत आल्या. 1908 मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याकडूनच जायची. हे सगळं सांगणारी मी. आणि हात माझाच.

घरात या वस्तूंना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. बाकीच्यांच्या हातून काही बिघडत नाही ते त्यामुळेच. पाकिटं मी बदलायची, सुई मी जपायची, पावसाळ्यात बुरशी आली का ते मी बघायचं. सोमवारी दिवसभर हेच मनात घोळवत होते. बसमध्ये डोळे भरून आले, तबकडीसाठी. शेजारच्या बाईंनी पाणी हवं का विचारलं. त्यांना काय सांगणार.

वाजवून पाहिली का? पाहिली. रविवारीच, सानू गेल्यावर. 78 च्या खाचा एलपीपेक्षा तिप्पट रुंद असतात, त्यासाठी वेगळी जाड सुई आहे माझ्याकडे, ती लावली. तबकडी कडेकडून आत वाजते, त्यामुळे गेलं ते सुरुवातीचंच. दोन बोटं म्हणजे साधारण दीड मिनिट. नमन गेलं. अगदीच गेलं असं नाही, पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर आणि तिच्याखाली कुठेतरी शाहिरांचा आवाज आहे. डफ ऐकू येत नाही, तुणतुणं तर नाहीच. मग पट्टा संपतो आणि एकदम सगळं लख्ख होतं, मागे साथ करणारे झीलकरी "जी जी रं जी" म्हणत वर उचलतात, आणि मी रडायला लागते. नमनाशिवाय पोवाडा. गणपतीला, भवानीला, गुरूला नमस्कार न करता एकदम लढाईच सुरू.

आणि मी ती कधी कॉम्प्युटरवर घेतलीच नव्हती. सगळ्या एलपी घेतल्या, ज्या दुसरीकडेही सहज मिळतात त्या. हिला नीट वेळ काढून, सुई नवी घेऊन करू म्हणत चार वर्षं गेली.

तर, आप्पा. रविवारी लगेच सांगितलं मी त्यांना. तबकडी हातात धरूनच गॅलरीच्या दारात उभी राहिले. त्यांनी चष्मा वर केला, पट्टा पाहिला, अंगठा हलकाच फिरवला. "राहू दे. दुसरी बाजू आहे ना." एवढंच. मला वाटलं, भाग दुसरा आहे असं म्हणतायत. म्हणजे गोष्ट अर्ध्यापासून ऐकू, असं. त्यांना एवढंच वाटावं याचं वाईट वाटलं. मग वाटलं, मला लागू नये म्हणून बोलले. मग वाटलं, माई असती तर त्यांनी तिच्यापाशी काय ते बोलून टाकलं असतं. ते जाऊ दे.

दोन दिवस मी त्या चार शब्दांचा कीस काढला. शेवटी आज जेवताना विचारलं. "आप्पा, तुम्हाला तो पोवाडा पाठ होता ना?"

"नाही गं."

"म्हणजे? घरात वाजायचा ना?"

"कुठला वाजतोय? बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी ग्रामोफोन विकला. तबकड्याही दिल्या त्याच्याबरोबर. ही एक आक्काकडं होती म्हणून राहिली. मी आठ-नऊ वर्षांचा असंन तेव्हा. ऐकल्याचं काही आठवत नाही मला."

मी भाकरी हातात धरून बसले. इतकी वर्षं मी ती तबकडी लावायचे आणि ते समोर खुर्चीत डोळे मिटून बसायचे, तेव्हा मला वाटायचं की ते आठवतायत. गावचं देऊळ, दिवाबत्ती, माणसं, असं सगळं मी त्यांच्या मिटल्या डोळ्यांमागे भरून ठेवलं होतं.

"मग सांभाळली कशाला एवढी?"

ते जरा हसले. "कोनाड्यात उभी असायची. आरसा होता घरात, पण उंचावर, तात्यांच्या दाढीसाठी. माझा हात पुरत नव्हता. मग शाळंत जाताना हिच्यात बघून भांग पाडायचो. लई चकचकीत होती. तोंड काळंच दिसायचं, पण भांग सरळ आला का ते कळायचं."

मी आवाजाचा विचार करत होते. सुईची जाडी, नमन, डफ, दीड मिनिट. आणि त्यांची तबकडी ही मुळात वाजणारी वस्तूच नव्हती. वाजवायला यंत्र नसलेल्या घरात ती होती, आणि तिला चकाकी होती. मी पुसली ती नेमकी तीच. आवाज तरी खरखरीखाली थोडा राहिलाय.

हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटायला हवं होतं. आधी वाटलंही. पण मग ते उठले, हात धुतले, धोतराला पुसले, आणि पाकिटातून तबकडी काढून दिव्याखाली धरली. भाग दुसरा वर करून. इकडे तिकडे कलती केली. डोक्यावर आता भांग पाडण्याइतके केस नाहीत त्यांच्या, तरी हात गेलाच वर. "हे बघ. या बाजूला दिसतंय अजून."

मीही पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून माझंही तोंड दिसलं, काळं, लेबलाच्या शेजारी वाकडं झालेलं.

एवढ्यासाठी मी दोन दिवस झोपले नाही, असं म्हणत नाही. नमन गेलं ते गेलंच, आणि त्याचं दुःख मला आहे, राहणार. लोकगीतांच्या बाबतीत मी हळवी आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातलं ध्वनिमुद्रण ऐकताना मागून जात्याची घरघर येते, कोंबडं ओरडतं, तेही मला गाळायला नको असतं. त्या बाईला तीन मिनिटांची अट नाही, दळण सरेपर्यंत ती गाते. तात्यांच्या शाहिरांना अट होती आणि त्यांनी ती पाळून नमन बसवलं होतं. दीड मिनिटात तीन देव. कुणीतरी घड्याळ धरून बसलं असेल, शाहिरांनी एखादं कडवं कमी केलं असेल. ते काम माझ्या फडक्यावर आहे आता. फडकं टाकवत नाहीये. ते धुवायचंही नाही, टाकायचंही नाही, मग काय करायचं ते ठरलेलं नाही.

तोवर भाग दुसरा कॉम्प्युटरवर घेतला. आज, आत्ता, साडेदहाला, आप्पा झोपायच्या आधी. त्यांना म्हटलं बसा, पंखा बंद करते, पाच मिनिटं बोलू नका. ते बसले. डोळे मिटले. मी यावेळी त्यांच्या डोळ्यांमागे काही भरलं नाही. मग भाग पहिलाही घेतला, खरखरीसकट, पहिल्या सेकंदापासून. खरखरीत एका ठिकाणी "गणराया" असं स्पष्ट ऐकू येतं. दोनदा मागे नेऊन ऐकलं. आहे.

बाटलीवर कागद चिकटवलाय, मार्करनं मोठ्या अक्षरात: लाखेला नाही. बाटली कॅसेटांच्या खोक्यात गेली, रेकॉर्डच्या कपाटात नाही.

सानू रविवारी परत येतेय. पिवळी कॅसेट चालली तेव्हा तिनं विचारलं होतं की यातली बदकं कशानं मारायची. बंदूक आहे, पण ती जुन्या डबा टीव्हीवरच चालते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि तो नेमक्या त्या क्षणी बंदुकीला दिसला तर नेम लागतो, सपाट टीव्हीला तो हिशोबच लागू होत नाही. म्हणजे माळ्यावरून चौदा इंची टीव्ही खाली काढायला हवा. शनिवारी काढीन. आप्पांनी विचारलं, "त्याच्या काचेत तोंड दिसतं का गं?"

बंद असताना दिसतं, म्हटलं.