फाटकावरची चौकी

आईचा जन्म कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या फाटकावरच्या चौकीतला. आजोबा तिथे दरवान होते. बंगल्याच्या आताच्या मालकांनी चौकी आणि कंपाउंडची भिंत दुरुस्त करायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा आईला सांगताना माझा आवाज कापला.

टेप, ओळंबा आणि वही घेऊन गेले. दोनच खोल्या. पुढची खोली अर्ध्या अष्टकोनासारखी बाहेर आलेली, तिला तीन खिडक्या: एक रस्त्याकडे, एक फाटकाकडे, एक बंगल्याकडे. जागचं न उठता आजोबांना येणारा टांगाही दिसायचा आणि आतून निघालेले साहेबही. आई म्हणते, तिघं भावंडं एकेका खिडकीत बसून अभ्यास करायची.

विलायतेत अशा चौक्या मुख्य घराच्या छोट्या नमुन्यासारख्या बांधत. आतल्या घराचा थाट पाहुण्याला फाटकावरच कळावा म्हणून. पुण्यात 1864 ते 1871 या काळात गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाऊस उभं राहिलं. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर इथे मुक्कामाला येत. तसल्या थाटाची हौस या बंगल्यालाही आहे, चौकीलाही: टोकदार कमानी, उभट छप्पर, वळचणीला लाकडी झालर. छपराचा उतार आपल्या पावसाला छान मानवला. शेकोटीसाठी धुराडंही ठेवलेलं. आजीने त्याखाली चूल मांडली होती. कमानीखालचा दगड अजून काळा आहे, तो मी घासू देणार नाही.

माझा जीव खरा अडकला तो भिंतीत. दीड फूट जाड, साडेपाच फूट उंच. दोन्ही अंगांना काळ्या दगडाची खांडकी, मध्ये डबर आणि चुन्याचा भराव, आणि ठरावीक अंतरावर आरपार घातलेले लांब दगड, दोन्ही अंगं धरून ठेवणारे. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पितच नाही. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडतं ते सांध्यांतून, आणि चुना ते पडू देतो. काही वर्षांपूर्वी कुणा ठेकेदाराने सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या. दिसायला झकास. पण वरून झिरपलेलं पाणी आतच अडकलं, भराव सुटला आणि चौकीच्या डाव्या बाजूला भिंतीने चांगलं वीतभर पोट काढलं. याचा मला अजून राग येतो. चांगली भिंत होती.

आमच्या मिस्त्रीकाकांनी कटर आणू दिला नाही. "ताई, मशीन दगडाची कड खातं," म्हणाले, आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसले. दोन दिवसांत जेमतेम चार फूट मोकळं झालं. पाऊस जाऊन महिना उलटला होता, तरी आतला भराव हाताला ओला लागत होता.

पोट आलेला तुकडा आता दगडांना नंबर घालून उतरवायचा आणि तसाच पुन्हा रचायचा. चुना मुरत घातला आहे. रविवारी आई येणार आहे. गुडघे दुखतात तिचे, म्हणून बंगल्याकडच्या खिडकीशी एक खुर्ची ठेवून आले आहे. ती खिडकी तिची होती.