पाकिटावर आम्ही ‘सेंद्रिय’ का लिहीत नाही

आमची दीड एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग तासगाव तालुक्यात आहे. सासरे, म्हणजे आबा, द्राक्षं व्यापाऱ्याला द्यायचे आणि उरलासुरला माल वाळवणीच्या शेडवर बेदाण्याला जायचा. २०१४ साली मी आणि ह्यांनी ठरवलं की बेदाणा बाजारातल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, न घालता आपल्याच पाकिटात विकायचा. पाकिटावर छापलं, ‘नैसर्गिक’. सगळेच छापत होते.

दुसऱ्या वर्षी सांगलीच्या एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, “वहिनी, नैसर्गिक म्हणजे फवारणी किती?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आबांना विचारलं, तर हिशेबाची वही होती, पण फवारणीची नोंद कुठंच नव्हती. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. एका बुरशीनाशकाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाला. भुरी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं आबांनी काढणीला बारा दिवस राहिले असताना फवारा मारला होता. उरलेला तीनशे किलो माल आम्ही विकला नाही.

तेव्हा एक गोष्ट नीट कळली. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, पण न विघटणारा औषधाचा अंश तिथंच राहतो. म्हणजे द्राक्षात मर्यादेच्या आत असलेलं बेदाण्यात वर जाऊ शकतं. आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध धुऊन निघत नाही. २०१० साली युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा निर्यातीच्या बागांना शिस्त लागली. आमच्या बागेला ती लावायला आम्हीच उशीर केला.

मग अर्धा एकर पूर्ण सेंद्रिय करून पाहिला. शेण-गोमूत्राचं जीवामृत, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क, रोगाच्या बुरशीला रोखणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी, बोर्डो. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं शहरात वाटतं, पण बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. ते सेंद्रियमध्ये मर्यादेत चालतं, आणि त्यातलं तांबं जमिनीत साठत जातं. दोन हंगाम बरे गेले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस मात्र थांबेचना. बाग फुलोऱ्यात होती आणि त्या अवस्थेत बोर्डो मारलं तर फूल जळतं. डाऊनी या ओलाव्यात पसरणाऱ्या रोगानं घड तपकिरी होऊन वाळले, अर्ध्या एकरात काहीच हाती लागलं नाही. शेजारच्या आमच्याच एकरात रासायनिक औषध मारलं होतं, तिथला निम्मा माल वाचला. आबा एक शब्द बोलले नाहीत. वेलीखालचे वाळके घड पाटीत भरत राहिले.

म्हणून औषध मारणारा प्रत्येक शेतकरी विष विकतो असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही. आणि “थोड्यानं काही होत नाही” हेही नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले. ताटातल्या अंशावर आपण खूप बोलतो, पण सगळ्यात आधी ते औषध पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर पडतं. आमच्याकडं हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय आता पंप उचलू देत नाही. त्यावरून गड्यांशी माझी भांडणं होतात, होऊ देत.

आज अकरा शेतकऱ्यांचा माल घेतो. प्रत्येकाची फवारणीची वही असते आणि शेवटचा फवारा ते काढणी हे अंतर मी स्वतः मोजते. प्रत्येक लॉट तपासूनच पाकिटात भरतो, अहवालाचा क्रमांक मागं छापतो. पुण्याच्या एका दुकानदारानं ‘ऑरगॅनिक’ लिहा, जास्त दर देतो म्हणून सांगितलं. लिहिलं नाही, ते गिऱ्हाईक गेलं.

तो अर्धा एकर आता प्लास्टिकच्या आच्छादनाखाली आहे. पान भिजत नाही, त्यामुळं डाऊनी कमी येते. आच्छादनाचा खर्च मोठा आहे, कर्ज काढलंय. सेंद्रियच्या प्रमाणपत्रासाठी द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडं वळण्याचा काळ, लागतो, त्यातलं दुसरं वर्ष चालू आहे. तोवर त्याचा बेदाणाही बाकीच्या मालातच जातो, त्याच दरानं.