जुन्या धुराड्यातली नवी नळी

मॅसॅच्युसेट्समधील हे घर आम्ही विकत घेतले तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या विटांच्या फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकांनी बिडाचा एक लाकडाचा स्टोव्ह सारून ठेवलेला होता. वर धुराडे तयारच आहे, तेव्हा निराळे काही करायचे कारण काय, असे मलाही वाटले. पहिल्या हिवाळ्यात तासाभरात स्टोव्हची काच काळी पडे, दार उघडले की धूर खोलीत येई आणि पावसाळी हवेत डांबरासारखा उग्र वास सुटे. मी सारा दोष लाकडांवर ढकलला. ती ओली होतीही, पण खरे कारण वेगळे होते.

पुढच्या शरदात धुराडे साफ करणाऱ्या कारागिराने स्टोव्ह बाहेर ओढला, तेव्हा त्याची नळी डँपरच्या, म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी असलेल्या उघडझाप करणाऱ्या झडपेच्या, वर जेमतेम हातभर जाऊन संपत असल्याचे दिसले. तेथून पुढे धूर मोठ्या पोकळीत मोकळा सुटत होता, आणि त्याचे साकळलेले क्रिओसोट, म्हणजे धुरातून बसणारा डांबरी, ज्वालाग्राही थर, भिंतींवरून सुटून स्टोव्हच्या मागे बादलीभर साठले होते. त्या ढिगाला टेकूनच आम्ही सबंध हिवाळा शेक घेतला होता.

उघड्या फायरप्लेसमधून धुराबरोबर खोलीतील पुष्कळ हवाही वर जाते, म्हणून तिचे धुराडे ऐसपैस बांधलेले असते. बंद स्टोव्ह मात्र मोजकीच हवा घेतो आणि बरीचशी उष्णता खोलीतच ठेवतो. आमच्या स्टोव्हच्या ६ इंची गोल तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच भरते, तर धुराड्यातील भाजक्या मातीची चौकोनी नळी आतून ११ इंच रुंद व तेवढीच लांब, म्हणजे १२१ चौरस इंच, चौपटीहूनही मोठी. एवढ्या जागेत धूर मंदावतो व निवतो, आणि त्याचे तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यातील वाफ आणि डांबरी द्रव्ये भिंतीवर साकळू लागतात. हा थर पेटला तर धुराड्यातील आग १,००० अंशांच्याही वर जाऊ शकते. अमेरिकेतील एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार धुराडे घराच्या आतून जात असेल तर त्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ स्टोव्हच्या तोंडाच्या तिपटीहून, आणि त्याची एखादी बाजू बाहेरच्या थंडीत उघडी असेल तर दुपटीहून अधिक असू नये. आमचे धुराडे बाहेरच्या भिंतीला लागून आहे.

आजोळच्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्या मधली नळी तापेपर्यंत तो डोळ्यांतून पाणी काढी आणि एकदा तापली की धूर मुकाट्याने वर ओढून घेई. धूर ओढणारी शक्ती म्हणजे नळीतील उष्ण, हलकी हवाच. नळी जितकी उंच आणि तिच्या आत-बाहेरच्या तापमानांतील फरक जितका मोठा, तितकी ओढ जास्त.

उपाय एकच होता: स्टोव्हच्या तोंडापासून थेट वरच्या टोपीपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी, म्हणजे लायनर, घालणे. नगरपालिकेचा परवाना काढून, नळीला सिरॅमिक तंतूंची अर्धा इंच जाड गोधडी गुंडाळून कारागिरांनी ती छतावरून दोरीने खाली सोडली. डँपरच्या अरुंद चौकटीत ती अडकली, तेव्हा चौकट कापावी लागली. नळी आणि मजुरी मिळून खर्च स्टोव्हच्या किमतीहून अधिक आला, आणि तो मला फारच बोचला.

डँपरच्या जागी बसवायचा पत्रा मात्र मी स्वतः केला. हा पत्रा नसेल तर स्टोव्हची ऊब नळीभोवतीच्या रिकाम्या पोकळीत चढून जाते आणि आपण घराऐवजी विटा तापवत बसतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना तीन वेळा कापला, मग पत्रा, मग वर खनिज लोकरीचा थर आणि कडेने उष्णतारोधक सिलिकॉन. काम किचकट, पण सर्वांत समाधानाचे तेच.

आता लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे असेल तर काच दिवसभर स्वच्छ राहते. एक अडचण तेवढी उरली आहे. स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा जोरात लावला की घरातील हवा तिकडे खेचली जाते आणि निखाऱ्यांवर आलेल्या स्टोव्हचा धूर उलटा फिरतो. लसणाची फोडणी चालू असताना कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा एकदा वाजला, तेव्हा हे कळले. तेव्हापासून स्टोव्ह पेटलेला असताना फोडणी घालायची तर ओट्याजवळची खिडकी आधी चार बोटे उघडली जाते, मग बाहेर बर्फ पडत असला तरी.