गिटार अँपसाठी मिडी फूट कंट्रोलर निवडताना

मी पुण्यात मराठी गाण्यांच्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. आमच्या कार्यक्रमात भावगीतांपासून रॉकच्या वळणाने जाणाऱ्या अलीकडच्या चित्रपटगीतांपर्यंत सर्व काही असते, त्यामुळे एकाच संध्याकाळी गिटारचा टोन कधी अगदी स्वच्छ, कधी किंचित खरखरीत, तर कधी भरघोस ओव्हरड्राइव्हचा लागतो. यातल्या एका गाण्याने मला मिडी कंट्रोलरकडे वळवले, म्हणजे पायाने बटण दाबून अँप आणि इतर उपकरणांना मिडी या वाद्यांच्या सामाईक भाषेत सूचना पाठवणाऱ्या पेटीकडे. त्या गाण्याची लय मिनिटाला १३२ मात्रांची आहे. अंतरा स्वच्छ टोनमध्ये संपतो आणि मध्ये केवळ एका मात्रेची उसंत मिळून लगेच सोलो सुरू होतो. ती एक मात्रा म्हणजे सुमारे ४५५ मिलिसेकंद. तेवढ्यात मला अँपचा चॅनेल, म्हणजे टोनचा विभाग, बदलायचा, आवाज वाढवण्यासाठी दुसरा मास्टर (एकूण आवाजाची पातळी) घ्यायचा आणि डिले, म्हणजे पडसाद देणारे उपकरण, चालू करायचा, अशी तीन कामे दोन वेगवेगळ्या पेट्यांवर पायाने करावी लागत. तालमीत ते दहांपैकी सहा वेळा जमत असे आणि श्रोत्यांसमोर एवढ्या भरवशावर उभे राहणे मला मान्य नव्हते.

माझा अँप मार्शल जेव्हीएम ४१० आहे. हे मॉडेल २००७ मध्ये बाजारात आले. १०० वॉटच्या या अँपमध्ये क्लीन, क्रंच, ओडी १ आणि ओडी २ (ओडी म्हणजे ओव्हरड्राइव्ह) असे चार चॅनेल असून प्रत्येकाला हिरवी, नारिंगी आणि लाल अशा तीन पायऱ्या आहेत, म्हणजे एकूण बारा मूळ टोन हाताशी येतात. त्याखेरीज रिव्हर्ब, दोन मास्टर आणि इफेक्ट्स लूप (डिलेसारखी उपकरणे अँपला जोडण्याची वाट) यांची निवड वेगळी करता येते. अँपसोबत सहा बटणांचा फूटस्विच मिळतो, तो साध्या जॅकच्या केबलवर चालतो आणि त्याच्या बटणांवर आपल्याला हवे ते संच साठवता येतात. ज्याला केवळ अँपचा टोन पायाने बदलायचा आहे त्याने आणखी काही विकत घेऊ नये, असेच मी आजही सांगेन. माझी अडचण डिलेची होती, कारण तो फूटस्विच डिलेशी बोलत नाही. अँपच्या मागच्या बाजूला मात्र मिडी इन (सूचना घेणारे) आणि मिडी थ्रू (आलेली सूचना तशीच पुढे पाठवणारे) अशी दोन गोल सॉकेट आहेत, ज्यांच्याकडे मी तोपर्यंत कधी लक्ष दिले नव्हते.

मिडीचे पहिले धडे मला आमच्या कीबोर्डवादकांनी दिले, ज्यांना आम्ही सर्व जण अण्णा म्हणतो. गिटार वाजवणाऱ्या अनेकांप्रमाणे माझाही समज होता की या केबलमधून आवाज जातो आणि म्हणून टोन थोडा तरी बिघडणारच. अण्णांनी तो पहिल्याच वाक्यात खोडून काढला. या केबलमधून केवळ आकड्यांच्या रूपातल्या सूचना जातात. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले, तेव्हापासून ही भाषा मुळात तीच राहिली आहे. अँपच्या चॅनेलहून वेगळे असे मिडीचे चॅनेल म्हणजे काय हे विचारल्यावर अण्णा म्हणाले, "हे बघ, एका वाड्यात सोळा बिऱ्हाडं आहेत. टपाल एकाच दारातून येतं, पण ज्याच्या नावाचं असेल त्यानंच ते उघडायचं." ही उपमा मला पुढे प्रत्येक अडचणीत उपयोगी पडली.

या सूचनांपैकी मला दोनच प्रकार लागणार होते. एक प्रोग्रॅम चेंज, ज्यात '१२८ पैकी अमुक क्रमांकाचा संच लाव' एवढेच सांगितलेले असते, आणि दुसरा कंट्रोल चेंज, ज्याने डिले चालू किंवा बंद करणे यासारखी एखादी सुटी गोष्ट साधता येते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे. प्रोग्रॅम चेंज दोन बाइटचा असल्याने त्याला ०.६४ मिलिसेकंद लागतात, तर तीन बाइटच्या कंट्रोल चेंजला ०.९६ मिलिसेकंद. अँपला एक, डिलेला एक आणि वर एखादा कंट्रोल चेंज धरला, तरी सारे काम सव्वादोन मिलिसेकंदांत संपते. ४५५ मिलिसेकंदांच्या त्या मात्रेपुढे हा आकडा पाहिल्यावर मी कंट्रोलर घेण्याचे नक्की केले.

मात्र लगेच खरेदी केली नाही. अण्णांच्या सांगण्यावरून मी आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो आणि एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), पायाने दाबायचे तीन स्विच, मिडीसाठी वापरतात तसे एक पाच पिनांचे गोल डीन सॉकेट आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर घेऊन आलो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यात हे सर्व बसवले. सॉकेटची चौथी पिन एका रेझिस्टरमधून पाच व्होल्टला, पाचवी दुसऱ्या रेझिस्टरमधून आर्डुइनोच्या संदेश पाठवणाऱ्या पिनला आणि दुसरी पिन ग्राउंडला, एवढीच जोडणी असते. पहिल्या दिवशी अँप ढिम्म राहिला. डीनच्या पिना ओळीने एक, दोन, तीन अशा नसतात, कमानीवर त्यांचा क्रम एक, चार, दोन, पाच, तीन असा असतो, आणि मागून डाख देताना तो उलट दिसतो. माझ्याकडून चौथी आणि पाचवी पिन अदलाबदल झाली होती. भिंग घेऊन पाहिल्यावर प्रत्येक पिनेच्या बुडाशी प्लास्टिकवर कोरलेला बारीक आकडा दिसला. डाख सोडवून तारा बदलल्या, पुन्हा बटण दाबले आणि क्लीनचा दिवा विझून ओडी १ चा दिवा लागला.

त्या डब्याने मला बाजारातल्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक शिकवले. जेव्हीएमला संच शिकवावा लागतो, म्हणजे अँपवर हवी ती स्थिती लावायची, प्रोग्रॅमिंगचे बटण दाबून धरायचे आणि कंट्रोलरवरून सूचना पाठवायची; जो क्रमांक येईल त्याच्याशी तो ती स्थिती जोडून ठेवतो. त्यामुळे इथे क्रमांकांचा घोळ होत नाही. डिलेच्या बाबतीत मात्र तो झाला, कारण काही उपकरणे ० ते १२७ अशी मोजतात आणि काही १ ते १२८ अशी, आणि मी पाठवलेला चौथा संच डिलेवर पाचवा म्हणून उघडत होता. दुसरी गोष्ट अशी की साधा स्विच दाबला, की त्याचे धातूचे पाते क्षणभर थरथरते आणि एका दाबाच्या दोन-तीन सूचना जातात. डिले चालू होऊन लगेच बंद पडू लागला तेव्हा हे ध्यानात आले, आणि प्रोग्रॅममध्ये पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद थांबण्याची ओळ घालून मी ते मिटवले.

पुढचा प्रयोग मी जमिनीवर केला. पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर बाटल्यांची झाकणे चिकटवून त्यांच्यातले अंतर मी बदलत गेलो आणि कार्यक्रमाला घालतो तेच बूट घालून, गिटार गळ्यात अडकवून, दिवे मालवून त्यांवर पाय ठेवत राहिलो. मधले अंतर ६ सेंटिमीटर असताना माझा पाय वारंवार दोन झाकणांवर पडत होता, ९ सेंटिमीटरला तो जवळजवळ कधीच चुकला नाही. मागच्या ओळीतल्या झाकणावर पाय ठेवताना पुढच्या ओळीला टाच लागते, हेही तेव्हाच कळले. कंट्रोलर घेणाऱ्या प्रत्येकाने हा अर्ध्या तासाचा प्रयोग करावा, असे मला मनापासून वाटते, कारण छायाचित्रात सर्व कंट्रोलर सारखेच ऐसपैस दिसतात.

आता माझ्या गरजा कागदावर स्पष्ट झाल्या होत्या. एका दाबात निरनिराळ्या मिडी चॅनेलवर किमान तीन सूचना जायला हव्यात, नेहमीच्या आकाराचे पाच पिनांचे आउटपुट हवे, बटणांचे अंतर माझ्या बुटाला मानवणारे हवे आणि त्या क्षणी कोणते बटण काय करील हे अंधारात वाचता यायला हवे. बेहरिंगर एफसीबी१०१० हा पर्याय मी गांभीर्याने पाहिला. त्याला संचांसाठी दहा बटणे आणि पायाने वर-खाली करायची दोन एक्सप्रेशन पेडल आहेत, एका संचात पाच प्रोग्रॅम चेंज आणि दोन कंट्रोल चेंज साठवता येतात, आणि एवढ्या गोष्टी एका पेटीत देणारे दुसरे उपकरण शोधणे कठीण आहे. ज्याला वाह-वाह हा इफेक्ट किंवा व्हॉल्यूम पायाने सतत फिरवायचा आहे त्याने तो आधी पाहावा. माझ्यापुरते दोन मुद्दे आड आले. तो दोन फुटांहून लांब आहे आणि थेट २३० व्होल्टवर चालतो. गणेशोत्सवात आम्ही मांडवातही वाजवतो, जिथे पाऊस आडवा येतो आणि अर्थिंगची खात्री नसते, म्हणून मंचाच्या पुढच्या कडेला, माझ्या पायाशी, मुख्य वीज आणायची नाही असा माझा नियम आहे.

ज्यांना केवळ यूएसबी आहे असे काही छोटे कंट्रोलर स्वस्तात मिळत होते. ते मी बाजूला ठेवले, कारण त्यांना चालवायला मध्ये संगणक किंवा यूएसबीचे यजमानपद घेणारी आणखी एक पेटी लागते. काहींना छोटा स्टिरिओ जॅक असतो. त्यात टाइप ए आणि टाइप बी अशा दोन परस्परविरुद्ध जोडण्या प्रचलित होत्या आणि २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरले, तेव्हा जुने उपकरण घेणाऱ्याने योग्य प्रकारची जोडकेबल मागून घ्यावी.

शेवटी मी सिंगापूरच्या मॉर्निंगस्टार कंपनीचा एमसी६ घेतला. त्याला सहाच बटणे आहेत आणि मला ती पुरेशी वाटली, कारण एकेका बटणावर सोळापर्यंत सूचना साठवता येतात आणि एकच बटण दाबणे, दाबून धरणे किंवा दोनदा दाबणे यांना वेगवेगळी कामे देता येतात. तो ९ व्होल्टवर चालतो. मुख्य म्हणजे त्याच्या पडद्यावर सहाही बटणांची नावे दिसतात, आणि ती मी स्वतः ठरवलेली असतात. पंचवीस गाण्यांच्या कार्यक्रमात '१७' या आकड्याचा अर्थ आठवत बसण्यापेक्षा 'सोलो' हा शब्द वाचणे केव्हाही सोपे.

जोडणीचा जो फायदा झाला तो मी आधी कल्पिलाच नव्हता. डिले पूर्वी माझ्या पायाशी असे आणि अँपच्या लूपमधून त्याच्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या दोन लांब केबल मंचभर पसरत. आता डिले अँपच्या डोक्यावर ठेवला. कंट्रोलरपासून अँपच्या मिडी इनपर्यंत सहा मीटरची एक केबल, अँपच्या मिडी थ्रूपासून डिलेपर्यंत हातभर लांबीची दुसरी, आणि लूपच्या केबलही आता हातभरच. मिडीची केबल पंधरा मीटरपर्यंत नेता येते, त्यामुळे मोठ्या मंचावरही अडचण नाही. कंट्रोलरला लागणारी वीज मी अँपजवळच्या अडॅप्टरमधून, मिडीच्या केबललाच बांधलेल्या डीसी केबलने आणतो. काही जण पाच पिनांतल्या रिकाम्या राहणाऱ्या पहिल्या आणि तिसऱ्या पिनेवरून ही वीज पाठवतात. तसे करायचे असेल तर केबलमध्ये पाचही तारा आहेत का, हे आधी मल्टिमीटरने तपासावे. माझ्या तयार केबलचे टोक उघडून पाहिले तेव्हा त्यात तीनच तारा निघाल्या.

पहिल्या तालमीत स्पीकरमधून एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. मी मिडीच्या केबलवर संशय घेतला, पण तो चुकीचा होता. सूचना घेणाऱ्या टोकाला ऑप्टोआयसोलेटर असतो, म्हणजे आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा संवेदक ते पाहतो, आणि त्या टोकाला केबलचे शील्डही जोडलेले नसते, त्यामुळे दोन उपकरणांची ग्राउंड त्या वाटेने जुळत नाहीत. कारण वेगळेच होते. डिले आणि कंट्रोलर मी एकाच अडॅप्टरमधून फाटे काढून चालवत होतो. दोघांना स्वतंत्र, आयसोलेटेड (एकमेकांपासून विलग) आउटपुट दिल्यावर शिट्टी थांबली.

अण्णांचा वाडाही एकदा आठवावा लागला. डिलेची सूचना पाठवली की अँपचा चॅनेलही बदलत होता. साखळीतले एक उपकरण मी ऑम्नीवर, म्हणजे सर्वांचे टपाल उघडण्याच्या स्थितीत, ठेवून दिले होते. अँपला पहिला आणि डिलेला दुसरा मिडी चॅनेल नेमून दिल्यावर दोघे आपापले ऐकू लागले.

बटणांची मांडणी ठरवायला मला तीन आठवडे लागले. प्रथम मी प्रत्येक गाण्यासाठी वेगळी बँक (सहाही बटणांच्या कामांचा एक गट) केली, ज्यात पहिले बटण मुखड्याचे, दुसरे अंतऱ्याचे, अशी रचना होती. कागदावर ती सुबक दिसते, परंतु त्यामुळे प्रत्येक गाण्यात पायाला नवा नकाशा शिकावा लागतो आणि गायकाने ऐन वेळी मुखडा पुन्हा घेतला की गोंधळ उडतो. आता सर्व बँकांत खालचे डावे बटण क्लीनचे, मधले क्रंचचे आणि उजवे सोलोचे असते. बदलते ती केवळ डिलेची वेळ, जी त्या बँकेत शिरतानाच लागते. मिनिटाला ९६ मात्रांच्या गाण्यात पाऊण मात्रेचा डिले सुमारे ४६९ मिलिसेकंदांचा होतो, तो आकडा मी घरीच बसवून ठेवतो. आमचा ढोलकीवाला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्यावर, वाजवत नाही आणि त्याने तसे वाजवावे असे मला वाटतही नाही, म्हणून वरचे उजवे बटण पायाने ठोके देऊन डिलेला लय सांगण्यासाठी राखले आहे. सोलो संपल्यावर डिलेची शेपटी एकदम तुटू नये यासाठी तिथे पूर्ण संच बदलण्याऐवजी कंट्रोल चेंजने डिले बंद करतो आणि उरलेले पडसाद विरू देतो.

पत्र्याचा डबा मी मोडलेला नाही. कंट्रोलरवर क्लीन, क्रंच आणि सोलो यांच्यासाठी जे तीन प्रोग्रॅम क्रमांक आहेत, तेच मी त्याच्या तीन बटणांना दिले आहेत, त्यामुळे कंट्रोलर बंद पडला तर तीच मिडी केबल काढून डब्याला लावायची, एवढेच करावे लागेल. डब्याच्या झाकणाच्या आत अँपच्या सर्व संचांची यादी चिकटवली आहे, आणि प्रत्येक कार्यक्रमाला तो नऊ व्होल्टच्या नव्या बॅटरीसह गिटारच्या पिशवीत असतो.