नऊ-सोळात मावलेला पिच्चर

लातूरच्या स्टँडवर उदगीरच्या गाडीची वाट बघत चौघं एकाच मोबाइलवर वाकलेले असतात. कुठल्याशा मराठी पिच्चरच्या क्लिपमधला बाप्या ओरडतो, "काय करायलास बे?" की चौघंही खिदळतात. तिसऱ्यांदाही तेवढंच. पिच्चरचं नाव मात्र एकालाही ठाऊक नसतं. खाली कमेंटमध्येही तोच धोशा : नाव सांगा, नाव सांगा.

नाव असतं, पण शेवटच्या दोन सेकंदांत. तिथवर पोचायच्या आधीच अंगठा पुढं सरकलेला. ते पहिल्यापासून वरच्या बाजूला हवं. तळाशी ठेवलं तर कॅप्शनखाली गाडलं जातं.

पण खरी कत्तल चौकटीची. थेटरातल्या रुंद पडद्याची, म्हणजे सिनेमास्कोपची चौकट रुंदीला उंची २.३९ ला १, मोबाइलची उभी ९ ला १६. उंची तीच ठेवून कापलं तर रुंदीचा जेमतेम २४ टक्के भाग उरतो. बांधाच्या या टोकाला बाप, त्या टोकाला लेक आणि मधे करपलेलं सोयाबीन असा प्रसंग असेल, तर हातात राहतं नुसतं सोयाबीन! म्हणून क्लिपा निघतात त्या एकट्या माणसाच्या, जवळून घेतलेल्या तोंडाच्या, शक्यतो शिवी हासडणाऱ्या. बापलेकाचा अबोला क्लिपेत मावत नाही. मग पुढच्या पिच्चरात तो लिहिलाच जात नाही, आणि हे मात्र वाईट.

आवाजाचीही तीच गत. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरातून खर्ज उमटत नाही. ढोलाचा घुमारा विरतो, हलगी तेवढी कडकडते. क्लिप सोडण्याआधी ती हेडफोनवर नव्हे, साध्या मोबाइलवर ऐकावी.

आणि गाजणं म्हणजे चालणं नव्हे. १९९८चा मिथुनचा हिंदी 'गुंडा' थेटरात पडला; पुढं त्यातल्या संवादांचे तुकडे इंटरनेटवर फिरले आणि तो घरोघरी गेला, पण लोक हसले ते त्यालाच. आजच्या स्वस्तातल्या मराठी पिच्चरचं दुखणं निराळं : शुक्रवारी दुपारचा एकच शो मिळतो, ऐन पेरणीत त्याला कोण जाणार? आठवड्यात पोस्टर उतरतं आणि क्लिप पेटते महिन्यानं. तेव्हा पिच्चर कुठं बघायचा, हे पहिल्या कमेंटमध्ये पिन करून ठेवलेलं नसेल, तर ती गर्दी आली तशी पांगते.

स्टँडवर गाडी लागते. खिडकीतून रुमाल टाकायच्या घाईत मोबाइल खिशात जातो, बाप्या आतूनच ओरडत राहतो, "काय करायलास बे?"