माज या शब्दाबद्दल थोडंसं

आपल्याकडे गर्वाला शब्द किती आहेत बघा, ताठा, तोरा, गुर्मी, मिजास, अहंकार, पण त्यातला माज मला सगळ्यात जिवंत वाटतो कारण तो अजून गोठ्यात आणि शेतातही तसाच वापरात आहे. गाय माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते, साधारण दर 21 दिवसांनी, मग ती सारखी हंबरते, चारा नीट खात नाही, बळस म्हणजे चिकट स्राव टाकते, आणि म्हशीला तर बऱ्याचदा मुका माज असतो, म्हणजे माजावर असते पण ओरडत नाही, त्यामुळे पाळणाऱ्याला बारीक लक्ष ठेवावं लागतं. इथे माज म्हणजे शिवी अजिबात नाही, उलट माज ओळखता आला नाही तर पुढचं वेत, म्हणजे विणं, लांबतं.

शब्दाचं मूळ संस्कृतातल्या मद् धातूत आहे. मद्य, उन्माद, मत्त, षड्रिपूंमधला मद ही सगळी त्याचीच भावंडं. (माजघरातला माज मात्र वेगळा हां, तो मध्य वरून आलाय, घराच्या मधली खोली म्हणून माजघर.)

क्रियापद घेतलं की अजून मजा, तण माजतं, रान माजतं, गोंधळ माजतो, बेबंदशाही माजते. पीक माजलं असं कौतुकाने कोणी म्हणत नाही, पीक जोमात येतं. म्हणजे जे हाताबाहेर वाढतं आणि दुसऱ्याला दाबतं तेच माजतं, माणसाचंही तेच, पैसा आला, खुर्ची मिळाली आणि समोरच्याला एकेरीवर बोलायला लागला की लोक म्हणणारच, माजलाय.

आता खरा मुद्दा. अभिमान वाटतो, अभिमान बाळगतात. माज कधी 'वाटत' नाही, तो येतो, चढतो, लोक तो करतात, दाखवतात आणि मग दुसरं कोणीतरी तो उतरवतं नाहीतर जिरवतं. म्हणजे हा शब्द कायम दुसऱ्याबद्दल बोलायचा होता, तुला माज आलाय, त्याला लय माज आहे, स्वतःबद्दल असं कोण म्हणणार? पण हल्ली स्टेटसला, टीशर्टवर सर्रास दिसतं, 'माज आहे मला मराठी असल्याचा'. त्यामागचं प्रेम मला कळतं, वर्षानुवर्षं दबून बोलणाऱ्यांना अभिमान हा शब्द भाषणातला, गुळगुळीत वाटत असणार, त्यात धग नाही, म्हणून त्यांनी शिवीच उचलून छातीवर लावली, आणि भाषेत असं होतच असतं. तरी मला हे मनापासून पटत नाही. भाषेवर प्रेम असेल तर अभिमान म्हणा, लय अभिमान म्हणा, त्याला कोणाला दाबावं लागत नाही. आणि कृपया 'मला गर्व आहे' पण नको, ते हिंदीतून आलंय, मराठीत गर्वाचं घर अजून खालीच आहे.

घरात मात्र हाच शब्द किती मऊ होतो, आजी ताटात भाजी टाकून उठणाऱ्या नातवाला 'माजलास होय रे' म्हणते आणि त्याच्या मागे घास घेऊन फिरते, तेव्हा त्यात राग शोधूनही सापडत नाही.