अमोर्सोलोचं ऊन

रात्र, पाऊस चालूच

आज दिवसभर फिलिपिन्सचा चित्रकार फेर्नांदो अमोर्सोलो याची चित्रं बघत होते. डोळे मिटले तरी ते पिवळं ऊन जात नाही.

हा माणूस १८९२ साली मनिलाच्या पाको भागात जन्मला, वाढला दाएत गावात. लहानपणीच वडील गेले. आई मुलांना घेऊन मनिलाला आली ती नात्यातल्या फाबियान दे ला रोसा या चित्रकाराकडे. आई भरतकाम करायची आणि पोरगा जलरंगातली पोस्टकार्डं रंगवून दहा-दहा सेंतावोंना विकायचा. पुढे एका श्रीमंत उद्योजकाने त्याला माद्रिदला शिकायला पाठवलं. तिथे त्याने वेलास्केस पाहिला, सोरोया पाहिला, दोघेही स्पेनचे मोठे चित्रकार. पण परत येऊन रंगवली ती भातखाचरं, रेडे, नदीवर धुणं धुणाऱ्या बायका, बाजार, आंबे तोडणाऱ्या मुली.

सूर्य बहुतेक वेळा माणसांच्या पाठीमागे असतो. चेहरा सावलीत, आणि केसांच्या, खांद्याच्या कडा मात्र पेटल्यासारख्या. त्याच्या १९२२ च्या भातलावणीच्या चित्राची पोस्टरं निघाली, पर्यटनाच्या पत्रकांवर ते छापलं गेलं, आणि जगाला फिलिपिन्स असाच दिसू लागला.

मी कोकणातली. लावणीच्या दिवसांत संध्याकाळी बायकांच्या कमरा कशा धरतात, पायांची बोटं चिखलाने कशी कुजतात, हे मी घरात पाहिलंय. अमोर्सोलोच्या चित्रात कोणाचीच कंबर दुखत नाही. एदादेससारख्या आधुनिक चित्रकारांना त्याच्या कलेतला हा गोडवा पटला नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तरीही चित्रावरून नजर हलत नाही, हेही खरं. ओणव्या बाईच्या पाठीवर ऊन पडतं तेव्हा क्षणभर ती खरंच सुंदर दिसते. आमच्याकडे तिला तसं कोणी रंगवलं असतं तर मला आवडलंच असतं.

मग युद्ध आलं. जपानी अमलात त्याचं घर सैनिकांच्या तळाजवळ होतं. खिडकीतून, छपरावरून तो दिसेल ते रेखाटत राहिला. १९४५ च्या एका चित्रात एक माणूस घरातल्या बाईला वाचवायला कोयता उगारून तिच्यापुढे उभा आहे. समोरचा सैनिक चित्रात नाहीच, फक्त त्याची टोपी खाली पडलेली. या चित्रापाशी मी सर्वांत जास्त थांबले. याला फक्त गोड रंगवता येतं, असं यानंतर मला कधी म्हणता येणार नाही.

युद्धानंतर तो पुन्हा उन्हाकडे वळला. मधुमेह होता, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी हात थांबला नाही. एप्रिल १९७२ मध्ये तो गेला, आणि देशाचा पहिला ‘राष्ट्रीय कलावंत’ हा मान त्याला मिळाला तो त्यानंतर काही दिवसांनी. हे मला फार लागलं. जिवंतपणी द्यायला काय हरकत होती?

भातलावणी फाबियाननेही रंगवली आहे, पण त्याचे रंग संयमी, थंड. उद्या दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघायची आहेत.